अण्णांचा फुगणारा पत्रा

"स्टेज हितं," असं म्हणून श्रेणिकमामांनी भट्टीच्या समोर जमिनीवर खडूनं फुली मारली. "नवरानवरीला मागनं वारं पायजे. ती खिडकी थोरली करायची. आन् ही भट्टी काढली की हितं आचारी."

भट्टी तेव्हा रसरसून तापलेली होती आणि मी तिच्यासमोर घामाघूम होऊन ॲल्युमिनियमचा पत्रा तारेच्या ब्रशनं घासत होते. माझं तोंड मुळात फटकळ, त्यात ऑक्टोबरचं ऊन.

"मामा, आचारी आत्ताच आणून बसवा की," मी म्हटलं. "निदान चहा तरी वेळेवर मिळेल."

मामा हसले नाहीत. मापं घेताना ते हसत नसत. एका हातात मोजपट्टी, दुसऱ्या हातात भडंगाचा पुडा, आणि दर दोन मापांनंतर एक बकाणा, अशी त्यांची पद्धत. मोजपट्टीची टोकंसुद्धा तेलकट झाली होती.

ही गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची, कुपवाडच्या एमआयडीसीतली. शेड अण्णा मगदूम यांची. ॲल्युमिनियमचे पत्रे लाटून पातेली-डबे करणाऱ्यांना पुरवायचे, हा अण्णांचा उभ्या जन्माचा धंदा. पुढं लोक स्टीलवर गेले आणि अण्णांची रोलिंग मिल आठवड्यातले चार दिवस झोपा काढायला लागली. जागा त्यांच्या सासऱ्यांनी दिलेली, त्यामुळे तिच्यात त्यांच्या मेव्हण्याचा, म्हणजे श्रेणिकमामांचा, निम्मा शब्द. आणि मामांनी शब्द टाकला होता. दसऱ्यापर्यंत नवं काम मिळालं तर खुशाल चालवा. नाहीतर मिल भंगारात आणि शेडचं मंगल कार्यालय. नावसुद्धा ठरलं होतं, 'सुलोचना मंगल कार्यालय'. सुलोचना म्हणजे अण्णांच्या बायको, मामांची थोरली बहीण. त्यांना सगळं कुपवाड अक्का म्हणायचं.

मंगल कार्यालयाचं नाव काढलं की अण्णांना ठसका लागायचा.

"बाई, मी पत्रं लाटलेला माणूस," ते मला म्हणायचे. "आता म्हातारपणी दारात उभं ऱ्हाऊन लोकांच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडू व्हय?"

म्हणून त्यांनी एक नवंच खूळ डोक्यात घेतलं आणि त्या खुळासाठी मला नोकरीवर ठेवलं. मी हेमलता वाघमोडे, धातुशास्त्र शिकलेली, मिरजेची, आणि कुठंच नोकरी न टिकलेली. का टिकली नाही ते वर सांगितलंच आहे.

खूळ असं होतं. ॲल्युमिनियमचे दोन पत्रे घ्यायचे. दोन्ही ब्रशनं घासून लख्ख करायचे. त्यांतल्या एकावर खास काळ्या शाईनं रेघा छापायच्या. मग दुसरा पत्रा वर ठेवायचा, कोपऱ्यांत रिबिटा मारायच्या, जोडी भट्टीत तापवायची आणि रोलमधून एका फेरीत अशी दाबायची की जाडी निम्मी झाली पाहिजे आणि लांबी दुप्पट. दोन पत्रे एकमेकांत असे मिसळतात, की पुन्हा वेगळे करायला ब्रह्मदेव आला तरी जमणार नाही. फक्त जिथं शाई तिथं ते चिकटत नाहीत. मग रेघेच्या टोकाशी नळी लावून आत हवा सोडायची. तव्यावरचा फुलका फुगतो तशा रेघा फुगतात, पत्र्यावर उभे कंगोरे येतात, आणि वजनाला हलकं, वाकवता न वाकणारं पॅनल तयार होतं. पुण्याच्या एका बस बांधणाऱ्या कंपनीला बसच्या तळाला घालायला असली पॅनलं हवी होती. त्यांचे टिळेकर म्हणून एक साहेब चाचणी बघायला यायचे होते. पॅनल पास झालं तर कारखाना वाचणार, नापास झालं तर पुढच्या तुळशीच्या लग्नापासून तिथं सनई वाजणार. इतका सरळ हिशोब होता.

यातली सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे स्वच्छता. घासलेल्या पत्र्यावर तेलाचं बोट लागलं तरी ते भट्टीत जळून काजळी धरतं, आणि तेवढी जागा चिकटायची राहून जाते. मी हे सगळ्यांना शंभरदा सांगितलं. सगळ्यांनी शंभरदा माना डोलावल्या. आणि आमच्या पहिल्या पत्र्यातून, हवा सोडल्यावर, रेघांच्या बरोबरीनं पाच लांबलचक थेंब टपाटप वर आले.

"हे काय?" मी ओरडले.

मागून अक्का पुढं आल्या. नऊवारीचा पदर सावरत त्यांनी थेंब बघितले आणि त्यांचा चेहरा खुलला. "अगं बाई, आलं की वर! माजंच कुंकू ते."

"अक्का! पत्र्याला कुंकू?"

"पैल्या पत्र्याला कुंकू नगं? बोडका पत्रा भट्टीत घालायचा?" त्यांनी मलाच विचारलं. "सवाष्णीच्या घरात?"

कुंकू त्यांनी तेलात कालवून लावलं होतं, नीट बसावं म्हणून. गोल टिकल्या रोलमध्ये लांबून थेंब झाल्या होत्या. अण्णांनी कपाळावर हात मारला. मी मात्र चौकशीला बसले आणि ऐकून चाट पडले. ज्यानं त्यानं आपापल्या परीनं त्या पत्र्याचं भलं केलं होतं. रिबिटा मारणाऱ्यानं त्याच्यावर नारळाचं पाणी शिंपडलं होतं. भट्टीवाल्यानं लिंबू उतरवलं होतं. मिल चालवणारे मकबूलचाचा, साठीचे, अत्यंत सभ्य गृहस्थ, त्यांनी दुआ पुटपुटून पत्र्यावर फुंकर मारली होती.

"फुंकर पण चालत न्हाई?" ते दुखावून म्हणाले.

"फुंकरीत वाफ असते, चाचा."

"दुआत कसली आली वाफ?"

याला धातुशास्त्रात उत्तर नाही. मी शेवटी एक भंगारातला पत्रा दाराशी टांगला, शेडमध्ये पिवळी रेघ मारली, आणि जाहीर केलं की हा मानाचा पत्रा. कुंकू, नारळ, लिंबू, फुंकर, उदबत्ती, जे काय असेल ते याला. रेघेच्या आतल्या पत्र्याला कुणी हात लावला, तर मी स्वतः त्याला जोडीत घालून रोलमधून काढीन. दोन दिवसांत मानाच्या पत्र्याची अशी अवस्था झाली, की शेजारच्या कारखान्यातले लोक येता-जाता चपला काढून पाया पडायला लागले.

त्याला हात न लावणारे एकटे श्रेणिकमामा. "हे पत्र्याचं देव काय कामाचं," ते म्हणायचे. "हितं बोहलं घाला, खरं पुण्य लागंल." आणि पुन्हा मोजपट्टी काढायचे. मला त्यांचा इतका राग यायचा की ब्रश त्यांच्यावरच फिरवावासा वाटे.

चाचणीच्या दिवशी सकाळी मी पत्रे घासले, रेघा छापल्या, शाई वाळवली आणि वर धुतलेली चादर टाकली. तेवढ्यात गेटवर रिक्षा थांबली. टिळेकर साहेब आले. अण्णांनी नारळ, शाल, फेटा अशी जय्यत तयारी केलेली; सगळे गेटकडे धावले. मलाही जावं लागलं, कारण पॅनलबद्दल इंग्रजीत काही विचारलं तर सांगायला मी हवी होते. मामा तेवढे आत राहिले. पंगतीला किती पानं बसतील ते मोजायचं राहिलं होतं म्हणे.

टिळेकर साहेब काडीसारखे बारीक आणि कमालीचे अबोल. फेटा बांधताना "हं" म्हणाले. नारळ घेताना "हं" म्हणाले. अण्णांनी घरच्यांची चौकशी केली तेव्हाही "हं." बडबड्या माणसाचा अंदाज येतो, अशा माणसाचा येत नाही.

आत आलो. चादर काढली, जोडी लावली, रिबिटा मारल्या, जोडी भट्टीत गेली. मकबूलचाचांनी दाराशी जाऊन मानाच्या पत्र्यावर फुंकर मारली आणि मिल सुरू केली. जमीन थरथरली. तापलेली जोडी रोलच्या एका बाजूनं आत गेली आणि दुसऱ्या बाजूनं दुप्पट लांब, झुळझुळीत होऊन बाहेर आली. मी डोळे भरून बघत राहिले. माझ्या हातून इतकं सुंदर काही झालं नव्हतं.

पत्रा निवल्यावर नळी लावली. मी हवा सोडली. गेजचा काटा चढू लागला. पहिली रेघ उठली. दुसरी उठली. एकेक कंगोरा सरळ, दोरीत, टकटक आवाज करत वर येत गेला. अण्णांनी माझा खांदा इतका घट्ट धरला की काळानिळा पडला.

आणि मग पत्र्याच्या मधोमध काहीतरी हललं. आधी एक लांब फुगा आला. त्याच्या शेजारी दुसरा. मग तिसरा, चौथा. बाजूनं एक तिरका. खाली एक मोठा, लांबट घुमट. कंगोऱ्यांच्या शिस्तीत घुसून, पत्रा फोडून कुणीतरी पलीकडून वर येत असल्यासारखा, एक हात उभा राहिला.

"हे डिझाइनमध्ये आहे का?" टिळेकर साहेबांनी विचारलं. त्यांचं ते पहिलं वाक्य.

"नाही," मी म्हणाले.

"हाय," अण्णा त्याच क्षणी म्हणाले. "आशीर्वाद मॉडेल."

भट्टीवाला आधीच दाराबाहेर पोचला होता. कारण हात साधा नव्हता. त्याची बोटंच वीतभर, आणि मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत तो माझ्या कोपरापर्यंतच्या हाताएवढा भरला असता. माणसाचा हात असा नसतो. "जिनाचा हाय," मकबूलचाचा पुटपुटले आणि पुटपुटतच राहिले. रिबिटवाल्याला पाच वर्षांपूर्वी वारलेला आपला चुलता आठवला. त्याची बोटं अशीच लांब होती म्हणे.

"जिन नाही आणि चुलता नाही," मी किंचाळले. माझा तोल सुटला होता. "रेघेच्या आत कुणीतरी हात लावलाय! तेलकट हात! सगळ्यांनी इकडं या आणि हात दाखवा!"

"दुसरं पॅनल आहे?" टिळेकर साहेबांनी विचारलं.

नव्हतं. घासून, छापून, वाळवून, तापवून करायला दिवस गेला असता, आणि साहेबांची परतीची गाडी दुपारची होती. ते घड्याळाकडे बघून "हं" म्हणाले. अण्णा मटकन स्टुलावर बसले. फेट्याच्या पेटीचं झाकण उघडं होतं, ते त्यांनी उगाचच लावलं. मला रडायला येत होतं, आणि रडायला आलं की मी जास्त आरडाओरडा करते.

एकेकानं येऊन पत्र्यातल्या हातावर आपला हात ठेवला. कुणाचाच जुळेना. सगळ्यांची बोटं त्या बोटांच्या अर्ध्यावरच संपायची. माझा संशय अर्थातच मामांवर. सकाळी आत तेच एकटे, त्यांचेच हात भडंगाच्या तेलात न्हालेले, आणि कारखाना बुडावा असं वाटणारे तेवढेच.

"मामा, तुम्ही."

मामांनी बेधडक हात ठेवला. त्यांचाही अर्ध्यावर संपला.

"बगा की," ते म्हणाले. कपाळावरचा घाम पुसत म्हणाले. "माजा हात काय एवडा लांब हाय? पायजे तर मोजा." आणि खरोखरच मोजपट्टी पुढं केली.

मी मोजपट्टी घेतली नाही. मी त्या हाताकडे बघत राहिले. लांबी जुळत नव्हती. पण रुंदी? मामांच्या पंजाची रुंदी त्या घुमटाच्या दोन्ही कडांना नेमकी टेकली होती. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आठवडाभर मी ज्याला त्याला ऐकवत होते, पत्रा रोलमधून गेला की लांबी दुप्पट होते, रुंदी तेवढीच राहते. ऐन वेळी माझ्याच लक्षात नव्हतं.

मी खडू घेतला, जमिनीवर बसले आणि तो हात काढला. रुंदी तीच, लांबी निम्मी. जिन नाहीसा झाला. जमिनीवर एक बुटका, रुंद, जाडजूड माणसाचा हात उमटला. त्याची करंगळी टोकाशी बाहेरच्या बाजूला वळलेली होती.

मामांनी दोन्ही हात खिशात घातले.

तेवढ्यात अक्का पाहुण्यांसाठी चहाचा ट्रे घेऊन आल्या. त्यांनी पत्रा बघितला, जमिनीवरचं चित्र बघितलं आणि ट्रे हातातच धरून उभ्या राहिल्या.

"ही करंगळी मी मोडल्या," त्या म्हणाल्या. "झोपाळ्यावरनं पाडलं हुतं मी ह्याला. आईनं मला उपाशी ठेवलं हुतं त्या दिवशी. श्रेणिक, हात भाईर काढ."

मामांनी हात काढला नाही. खिशातूनसुद्धा करंगळीचा कोन दिसत होता.

अण्णा स्टुलावरून उठले. मी त्यांना कधी कुणाच्या अंगावर धावून जाताना बघितलं नव्हतं. "पावणं!" त्यांचा आवाज शेडभर घुमला. "कार्यालय पायजे हुतं तर मागून घ्यायचं हुतं! उद्या दिलं असतं! पर असा हात घालून माजा सत्यानाश कराय तुमाला लाज न्हाई वाटली?"

"सत्यानाश?" मामा म्हणाले. "मी?"

"मग पत्र्याला हात कशाला लावलासा?"

मामांनी अक्कांकडे बघितलं आणि त्यांचा तो जाडजूड चेहरा लहान पोरासारखा वाकडा झाला.

"तुमच्या त्या टांगलेल्या पत्र्यावर माजा इश्वास न्हाई," ते म्हणाले. "भंगाराला कुंकू लावून खऱ्या पत्र्याला काय पोचणार? म्हणून खऱ्यावर हात ठेवला. त्याला म्हटलं, लेकरा, नीट चिकट. एवडी एक बार चिकट. माज्या अक्कानं बापाच्या घरी लई सोसलं, हितं आल्यावर मिलच्या आवाजात पोरं वाढीवली. तिला आता ह्या वयात दुसऱ्यांच्या लग्नातल्या पंगतीमागं पळायला लावू नको."

"अवं, पर कार्यालयाचं तर तुमीच काढलंसा!" अण्णा म्हणाले. "रोज मापं घेताय!"

"तुमी भ्यावं म्हणून, दाजी! तुमी चार वरसं नुसतं बसून हुतासा. मिल गंजाय लागलेली. भ्या दाखवल्याबिगर तुमी हलला असता काय? मापं घेताना माज्या पोटात गोळा यायचा, म्हणून तर भडंग खात हुतो."

अक्कांच्या हातातल्या कपबशा एकमेकींवर वाजत होत्या. मी ज्या माणसाला आठवडाभर मनातल्या मनात रोलमधून काढत होते, त्यानं आमच्यातलं सगळ्यात मनापासूनचं मागणं मागितलं होतं, आणि त्याच मागण्यानं आमचं वाटोळं केलं होतं.

"छिन्नी आहे?" टिळेकर साहेब म्हणाले.

आम्ही त्यांना विसरूनच गेलो होतो. त्यांनी फेटा काढून चाचांच्या हातात दिला, बाह्या सारल्या आणि छिन्नी पत्र्यातल्या हाताच्या दोन बोटांमधल्या सपाट जागेत, कडेनं लावून, हातोडी हाणली. छिन्नी घसरली. पुन्हा हाणली. पत्रा कापला गेला, पण दोन पत्रे सुटून वेगळे होईनात. त्यांनी बोटांच्या सगळ्या खाचा तपासल्या.

"दाब वाढवा," ते म्हणाले.

"साहेब, फुटेल."

"फुटू दे. सगळे मिलच्या मागं व्हा."

आम्ही सगळे मिलच्या मागं दबून बसलो. अण्णा, अक्का, ट्रे, चाचा, त्यांच्या हातातला फेटा आणि मामा. मी लांबून झडप फिरवली. काटा चढला. हात टरारून फुगला, बोटं दोडक्यासारखी झाली. अक्कांनी मामांचं मनगट पकडलं. काटा आणखी चढला. आणि फाडकन आवाज होऊन अंगठा फुटला. ट्रे आडवा झाला आणि सगळा चहा अण्णांच्या धोतरावर गेला.

टिळेकर साहेब अंगठ्यापाशी उकिडवे बसले. फाटलेल्या जागेत बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं.

"बाई, इकडं या. काय दिसतंय?"

मी वाकले. अंगठा वरच्या बाजूला, फुगवट्यावर उसवला होता. जिथं दोन पत्रे एकमेकांना धरून होते ती कड जशीच्या तशी होती. एक केसभरही उचकटलेली नव्हती.

"पत्रा फाटला," मी म्हणाले. "जोड नाही सुटला."

"हं," साहेब म्हणाले. मग बहुधा त्यांना वाटलं असावं की एवढ्यानं भागणार नाही. "मी बरीच पॅनलं बघितली. लोक मला नेहमी चांगलं तेच दाखवतात. इतक्या दाबाला बिघाड जिथल्या तिथं थांबलेला मी आज पहिल्यांदा बघतोय. माल पास. पुढच्या महिन्यापासून पुरवठा सुरू करा."

एकच गलका झाला. भट्टीवाला बाहेरून धावत आत आला आणि काय झालं ते न विचारताच नाचू लागला. अण्णा ओल्या धोतरानं साहेबांचे हात हातात घेऊन हलवत होते. मी मकबूलचाचांना मिठी मारली, आणि ते इतके दचकले की फेटा त्यांच्या हातातून पडला.

"एक अट आहे," साहेब म्हणाले.

गलका थांबला.

त्यांनी मामांकडे बोट दाखवलं. "हे गृहस्थ पुन्हा या शेडमध्ये दिसता कामा नयेत. एक दिवससुद्धा नाही. बसमध्ये या पॅनलवर माणसांचे पाय असतात. मला तिथं कुणाचे आशीर्वाद नकोत. हे कबूल असेल तर काम तुमचं."

"कबूल," मी पटकन म्हणाले. "एकदम कबूल."

"बरोबर हाय सायबांचं," मामाही म्हणाले. त्यांनी डोळे पुसले, मोजपट्टी गुंडाळली. "म्या जातो. काम मिळालं, लई झालं. अक्का, येतो गं." आणि ते खाली मान घालून दाराकडे चालू लागले. अक्कांनी फक्त अण्णांकडे बघितलं.

"साहेब, थांबा," अण्णा म्हणाले. "हे जमायचं न्हाई."

"अण्णा!" मी त्यांची बाही ओढली. त्यांनी ती सोडवून घेतली.

साहेबांनी भुवया उंचावल्या. "तुम्हाला काम नको आहे का?"

"पायजे की हो. लई पायजे. रात रात झोप न्हाई ह्याच्यापायी." अण्णा म्हणाले. "पर मी उभ्या जन्मात किती देवांम्होरं हात जोडलं असतील. एकानंबी कधी पत्र्यातनं हात वर काढून मला दाखवला न्हाई. ह्यानं काढला. त्याला मी भाईर कसा काढू? तुमाला दुसरा कुणी मिळंल. मला दुसरा मेव्हणा न्हाई."

मामा दारात थबकले, पण वळले नाहीत. त्यांची पाठ हलत होती.

मी त्या क्षणी अण्णांचा गळा दाबला असता. आणि त्याच क्षणी मला हेही कळलं होतं, की या माणसाची नोकरी मी स्वतःहून कधी सोडणार नाही. ती मी आजतागायत सोडलेली नाही.

टिळेकर साहेबांनी पत्र्याकडे बघितलं, अक्कांकडे बघितलं. चाचांनी पुढं केलेला फेटा घेतला आणि पुन्हा डोक्यावर ठेवला. वाकडाच बसला.

"हं," ते म्हणाले. "मग अट बदलू. राहू देत ते, पण तुमच्या जबाबदारीवर."

अण्णांनी मान हलवली आणि दाराकडे बघून हाक मारली. "पावणं, आत या. पर आदी हात धुवा. साबणानं."